आज ब्लँकेट आहे

धाकटीने आता पंचावन्नी ओलांडली आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढतोच आहे, घरी जावई आला आहे, आणि तरी सगळं इस्पितळ तिला धाकटीच म्हणतं. मनाच्या आजारांच्या या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, ती नर्स म्हणून रुजू झाली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून तिच्या वरच्या सिस्टरने हे नाव ठेवलं. त्या वरच्या सिस्टरला मग आपोआपच थोरली म्हणायला लागले. पुढे धाकटीच्या हाताखाली कितीतरी मुली आल्या, तयार झाल्या, बदलून गेल्या, पण नाव काही तिचा पिच्छा सोडेना. नवीन मुली तर तिला सरळ ‘धाकट्या सिस्टर’ म्हणतात. वॉर्डाची इन्चार्ज धाकटी कशी, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातही येत नाही.

थोरली हाडापेराने मजबूत, जिभेने फटकळ. वॉर्डात शिरताना कमरेचा चाव्यांचा जुडगा ती मुठीत घट्ट धरायची. का, म्हणून धाकटीने पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाली, चाव्या वाजल्या की आतल्या माणसाला उगाच आठवण होते आपण आत असल्याची. धाकटीने ती सवय तिथल्या तिथे उचलली. आजही ती बाजारात जाताना घराची किल्ली मुठीत धरून चालते आणि नवरा म्हणतो, अगं, भाजीवाल्याला कळू दे की तुझ्याकडे किल्ली आहे.

पण थोरलीने दिलेली खरी गोष्ट ही नव्हे. खरी गोष्ट होती चादरींच्या खोलीतली.

वॉर्डाच्या व्हरांड्याच्या टोकाला ही खोली. समोरच्या भिंतीला छतापर्यंत लोखंडी रॅक, मधे दोन माणसं समोरासमोर उभी राहतील एवढीच मोकळी जागा, आणि एक खिडकी, जिच्यातून मागच्या अंगणातलं मोठं झाड दिसायचं. धोबीखात्यातले मामा रोज दुपारी ट्रॉली ढकलत आणायचे. चादरी धुतलेल्या, वाळलेल्या, पण अशा कोंबलेल्या की बघून कपाळाला आठी पडावी. सकाळपाळी संपली, दुपारच्या सिस्टरना चार्ज दिला, की घरी जायच्या आधी त्या चादरींच्या घड्या घालणं हे सकाळच्या सिस्टरचं शेवटचं काम. दोघीदोघींनी. एकटीने घालायला मनाई होती.

पहिल्या आठवड्यात धाकटीला या कामाचा मनस्वी राग आला. आपण काय परीक्षा पास होऊन चादरी आवरायला आलो का, असं तिला वाटायचं. त्यात एके दिवशी वॉर्डातल्या एका मुलीने तिला पार हलवून सोडलं होतं. मुलगी तिच्याच वयाची, तिच्यासारखीच एक लांब वेणी. औषध घ्यायला म्हणून पुढे आली, धाकटीकडे निरखून पाहत राहिली आणि शांतपणे म्हणाली, “तू त्या बाजूला आणि मी या बाजूला, हे कोणी ठरवलं गं?”

 धाकटी औषध देऊन पुढच्या पलंगाकडे गेली. दुपारी चादरींच्या खोलीत थोरलीने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली, दोन स्वतः धरली आणि म्हणाली, ओढून धर, सैल सोडू नकोस. चादर दोघींमध्ये ताणली गेली आणि का कोण जाणे, धाकटी बोलायला लागली. त्या मुलीचं बोलली, वेणीचं बोलली, आपण नालायक नर्स आहोत असंही बोलली. मग रडली.  थोरलीची नजर चादरीच्या काठावर. टोकाला टोक जुळवत ती पुढे यायची, धाकटीच्या हातातली टोकं आपल्या हातात घ्यायची, खालची घडी धाकटीने उचलायची, पुन्हा दोघी मागे. चादर रॅकवर ठेवल्यावर थोरलीने हात झटकले आणि एवढंच सांगितलं, की ही आता इथे राहिली, घरी न्यायची नाही.

हळूहळू धाकटीला या खोलीचे नियम कळले. कुठेही लिहिलेले नव्हते, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. चादर हातात आहे तोवर एकीने बोलायचं आणि दुसरीने ऐकायचं. ऐकणारीने सल्ला द्यायचा नाही, ‘त्यात काय एवढं’ म्हणायचं नाही, आणि आपलं त्याहून मोठं रडगाणं तर मुळीच काढायचं नाही. पेशंटबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही. चादर रॅकवर गेली की विषय संपला. बारीकसारीक गोष्टींना चादर, आणि जी गोष्ट छातीवर बसली असेल तिला ब्लँकेट. ते जड, काळपट तपकिरी, दोघींनी जोर लावल्याशिवाय त्याची नीट घडी पडतच नसे. त्यामुळे वॉर्डात एक बोलीच तयार झाली. चार्ज देताना एखादी दुसरीच्या कानाशी पुटपुटायची, “आज ब्लँकेट आहे,” आणि दुसरी घरी जायची घाई बाजूला ठेवायची.

एका सिस्टरचं घरी सासूशी अजिबात पटत नव्हतं. ती रोज ब्लँकेटच मागायची. शेवटी थोरलीने तिला बजावलं, “सासूला चादर पुरे. ब्लँकेट वॉर्डासाठी आहे.” ती सिस्टर दोन दिवस फुगून बसली आणि मग तिलाच हसू आवरेना.

एकदा खुद्द थोरली म्हणाली होती, आज ब्लँकेट आहे. बरी होऊन घरी गेलेली एक बाई विहिरीत सापडल्याची बातमी आली होती. ती घरी गेली तेव्हा थोरलीनेच तिची पिशवी भरून दिली होती. त्या दुपारी तिने मोठ्या सिस्टर सोडून सगळ्यांत लहान असलेल्या धाकटीला बोलावलं आणि बोलली. धाकटीने टोकं शेवटपर्यंत सोडली नाहीत. इतक्या मोठ्या बाईने आपल्यापुढे मन मोकळं करावं, याचं तिला कितीतरी दिवस अप्रूप वाटत राहिलं.

ते दिवस आठवले की धाकटीला वाटतं, आपण काय हलक्या पावलांनी घरी जायचो. बस पकडायची, घरी येऊन मुलीची वेणी घालायची, नवऱ्याबरोबर चहा घ्यायचा. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. बोलणं मोजकं, पण इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस बायकोचा आवाज ओळखणार नाही का? कधी ती घरी येऊन भांडी आपटायला लागली की तो शांतपणे विचारायचा, आज चादरी राहिल्या वाटतं? आणि खरंच त्या दिवशी मामांची ट्रॉली आलेली नसायची. मुलगी तर लहानपणी फटकारायची, आई, वॉर्डातला आवाज काढू नकोस. शांत, सपाट, समोरच्याला जपून बोलायचा तो आवाज. चादरी झालेल्या दिवशी तो आवाज वॉर्डातच राहायचा, मुलीच्या वाट्याला आई यायची, रागावणारी, हसणारी, पूर्ण.

थोरली निवृत्त झाली, धाकटी इन्चार्ज झाली. मामांच्या चादरी तशाच यायच्या आणि धाकटी त्यांना धारेवर धरायची. मामा, घडी घालायला तुमच्या हातांना होतं काय हो? मामा जमिनीकडे बघत म्हणायचे, मशीन मोठं, माणसं कमी, सिस्टर. आणि ट्रॉली घेऊन निघून जायचे. बिचाऱ्यांनी इतकी वर्षं बोलणी खाल्ली, पण उलटून एक शब्द बोलले नाहीत.

मग मामाही निवृत्त झाले आणि इस्पितळाने धोबीखातं बंद करून धुण्याचं काम बाहेर दिलं. ऑफिसातून धाकटीला विचारणा झाली, चादरी घड्या घालून, प्लॅस्टिकमध्ये बांधून हव्यात का? हव्यात म्हणजे काय, धाकटी म्हणाली, पहिल्यापासून हव्या होत्या. माझ्या मुली दिवसभर उभ्या असतात, त्यांना शेवटी हे हमालीचं काम कशाला? तिने अगदी मनापासून हो म्हटलं. गठ्ठे यायला लागले. मुली वेळेवर घरी जायला लागल्या. चादरींची खोली आता गठ्ठे ठेवण्याकाढण्यापुरतीच उघडायची, एरवी कुलूप, आणि आपण मुलींचं ओझं कमी केलं या समाधानात धाकटीही होती.

वॉर्ड बदलत गेला तो इतक्या हळू, की कोणाच्या ध्यानात येऊ नये. मुली चिडखोर झाल्या. एक वारंवार आजारी पडायला लागली. दुसरीने बदली मागितली. चष्मेवाली म्हणून एक सिस्टर होती, वॉर्डात जुनी, कामाला चोख, तीही हल्ली चहाच्या वेळी मोबाईलमध्ये तोंड घालून बसायची. धाकटीला वाटायचं, काळच असा आला आहे.

आणि मग मास्तरीणबाईंचं ते घडलं.

मास्तरीणबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वॉर्डात अधूनमधून भरती होणाऱ्या. बऱ्या असल्या की सिस्टरचं अक्षर सुधारायच्या, पलंगांची रांग वाकडी दिसली की सरळ करायला लावायच्या. धाकटीचा त्यांच्यावर जीव. त्या दिवशी त्यांचा आजार उसळलेला होता, दोन रात्री झोप नव्हती, आणि हे माहीत असूनही धाकटी न्हाणीघराच्या दाराशी त्यांच्याकडे पाठ करून टॉवेल घ्यायला वळली. मागून त्यांनी तिचा गळा धरला. बोटांत एवढं बळ असेल असं कधी वाटलं नव्हतं. चष्मेवालीने धावत येऊन ती बोटं एकेक करून सोडवली.

ओरखडे आठवड्यात फिके पडले. मास्तरीणबाईही औषधांनी सावरल्या आणि एके दिवशी धाकटीच्या मानेकडे बघून त्यांनीच काळजीने विचारलं, काय हो, मांजरीने ओरबाडलं की काय? त्यांना काहीच आठवत नव्हतं. धाकटी हसली. पण त्या दिवसापासून ती वॉर्डात भिंतीला पाठ लावून उभी राहायला लागली. मास्तरीणबाईंच्या गोळ्या दुसरीच्या हाती पाठवायला लागली. सकाळी वॉर्डाच्या दाराशी आली की चावी कुलपात जायची, पण हात वळायचा नाही. ती रुमाल शोधल्यासारखं करायची, मागून कोणी आलं की त्याच्या सोबतीने आत शिरायची.

तिला राग मास्तरीणबाईंचा नव्हता. राग स्वतःचा होता. आजारी माणसाने केलेली गोष्ट मनावर घ्यायची नसते, हे तिने आजवर शेकडो मुलींना शिकवलं होतं. ते शिकवणारीच भित्री निघाली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ऑफिसने त्यांच्या परीने केलं ते केलं. ताणतणावावर एक व्याख्यान झालं. पाहुण्यांनी पडद्यावर सूर्योदयाचं चित्र दाखवलं आणि सगळ्यांना खोल श्वास घ्यायला लावला. नोटीस बोर्डावर एक फोन नंबर लागला, त्यावर बोलता येईल म्हणे. धाकटीने मुलींना तो नंबर उतरवून घ्यायला सांगितलं. स्वतः मात्र तिने मुदतीच्या आधीच निवृत्ती घ्यायचं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. शेवटची तीन वर्षं राहिली होती. ती पुरी न करता जायचं, आणि तेही चोरासारखं, भीतीपोटी. मग आधीची सगळी वर्षंही खोटी ठरतील असं तिला वाटायचं, आणि त्याच विचाराने तिचं अन्नावरून मन उडालं होतं.

एका संध्याकाळी नवऱ्याने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “तू हल्ली घरीही भिंतीला पाठ लावून बसतेस.”

धाकटीने बघितलं. खरंच होतं. तिची नेहमीची खुर्ची खिडकीजवळ रिकामी होती आणि ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. काय झालंय ते मला सांगायचं नसेल तर नको सांगूस, नवरा म्हणाला, पण थोरलीला तरी भेटून ये.

थोरली आता भाचीकडे राहते. दुसऱ्या मजल्यावरचं घर, पुढे चिंचोळी गॅलरी. धाकटी गेली तेव्हा ती गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. पाठीला बाक आला होता, जीभ मात्र होती तशीच. आलीस का, ये, वजन का उतरलंय, असं एका दमात म्हणून तिने दोरीवरची डबल बेडची चादर ओढली आणि दोन टोकं धाकटीच्या हातात दिली.

धाकटीने टोकं धरली, पण चादर मधे लोंबतच राहिली. 

“ओढून धर,” थोरली म्हणाली. “सैल सोडू नकोस.”

मग धाकटी बोलली. पाठ वळली ते, बोटं, चावी, मांजरीचा ओरखडा, निवृत्तीचा विचार, सगळं. मला भीती वाटते, असं ती आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे म्हणाली. थोरलीची नजर चादरीच्या काठावर होती. घडी पूर्ण झाली, खुर्चीवर ठेवली गेली, आणि मगच थोरलीने विचारलं, इन्चार्ज झाल्यापासून तू ब्लँकेटची घडी कोणाबरोबर घातलीस?

कोणाबरोबरच नाही, धाकटी म्हणाली. इन्चार्जने कसं बोलायचं? मुलींचं ऐकायची मी. आणि आता तर चादरीच नाहीत, बाहेरून घड्या घालून येतात.

थोरली हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. धाकटीला जरा रागच आला.

“अगं, तेव्हाही घड्या घालूनच यायच्या,” थोरली म्हणाली. “मामाच्या हातची घडी इस्त्री केल्यासारखी. ट्रॉली आली की मीच दार लावून घ्यायचे आणि सगळ्या विस्कटून टाकायचे. एकदा त्याने बघितलं. असा भडकला, की दोन दिवस बोलला नाही. मग त्याला समजावलं. म्हटलं, या पोरींना ‘बसा आणि मन मोकळं करा’ म्हटलं तर एक तोंड उघडणार नाही. नर्स रिकामी बसूच शकत नाही, तिला लाज वाटते. तिच्या हातात काम दिलं, की बोलते. तेव्हापासून तो चादरी तशाच कोंबून पाठवायला लागला.”

धाकटी चादरीकडे बघत राहिली. “मी त्यांना किती बोलले.”

“मी निवृत्त झाल्यावरही घरी येऊन सांगायचा की. म्हणायचा, तुमची धाकटी आज फार तापली होती, म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय.”

धाकटीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. जाताना थोरलीने तिला जिन्यापर्यंत सोडलं, पण निवृत्ती घे किंवा घेऊ नको, असं काही म्हणाली नाही. तो नियम तिने निवृत्तीनंतरही मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाकटी वॉर्डाच्या दाराशी मागच्याची वाट बघत थांबली, रोजच्यासारखीच. भीती काही एका चादरीत जात नाही. पण दुपारी चार्ज देऊन झाल्यावर तिने चादरींच्या खोलीचं कुलूप उघडलं, कात्री घेतली आणि गठ्ठ्यांचं प्लॅस्टिक कापायला सुरुवात केली. व्यवस्थित बांधलेल्या, कडक घड्यांच्या चादरी ती एकेक करून झटकून मोकळ्या करत गेली. खोलीभर पांढऱ्या चादरींचा ढीग झाला. सगळ्यांत खाली ब्लँकेटं होती, तीही तिने उलगडली. मग व्हरांड्यात जाऊन चष्मेवालीला हाक मारली.

चष्मेवालीने दारातून तो पसारा बघितला आणि चष्मा वर सरकवला. “अहो, हे काय झालं? घड्या घालून आल्या नाहीत?”

“नाही आल्या,” धाकटी म्हणाली. “ये, टोक धर. आज ब्लँकेट आहे.”

चष्मेवाली जुनी होती, तिला ते शब्द आठवत होते. तिने पर्स खाली ठेवली. दोघींनी ब्लँकेट ताणलं आणि धाकटीने सांगितलं, की मला आत यायची भीती वाटते, रोज सकाळी, अजून.  चष्मेवालीचे डोळे काठावर होते, पण तिने टोकं इतकी घट्ट ओढली की धाकटी एक पाऊल पुढे आली. टोकाला टोक जुळलं. खालची घडी चष्मेवालीने उचलली आणि मग हळूच म्हणाली, पुढचं ब्लँकेट माझं. ती बोटं सोडवतानाचं अजून स्वप्नात येतं मला.

धाकटीने मान हलवली. हातातलं ब्लँकेट ठेवायला ती रॅककडे वळली. रॅक दारासमोरच्या भिंतीला होता. दार सताड उघडं होतं.

“कडा जुळलेल्या नाहीत,” मागून आवाज आला.

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हात मागे बांधून, वर्गावर फिरायच्या तशा. धाकटीचे हात ब्लँकेटवर आवळले गेले. मग तिच्या लक्षात आलं, की आपली पाठ दाराकडे आहे, आणि मागून आवाज येईपर्यंत आपल्याला ते कळलंही नव्हतं.

ती वळली. कुठे, बाई? तिने विचारलं. आवाज थोडा कापला, पण वॉर्डातला नव्हता, तिचा स्वतःचा होता.

“डावीकडे. बघा ना, चार बोटं बाहेर आलंय. पुन्हा घाला.”

धाकटीने ब्लँकेट उलगडलं आणि दोन टोकं चष्मेवालीच्या हातात दिली.